कोकोनट सर

पिस्तूल बघायला जाताना माझ्या बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बारीक निळ्या चौकडीचा, जो तो ऑफिसच्या रिव्ह्यूला आणि देवळात जाताना घालतो. शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला, पट्टा, पॉलिश केलेले बूट. मी जिन्यावरूनच ओरडले, "बाबा, इंटरव्ह्यूला चाललायस का?" आणि तो हसला. गेले काही आठवडे तो माझ्या प्रत्येक विनोदाला हसत होता. जरा लवकरच हसायचा, म्हणजे विनोद पुरा व्हायच्या आधीच.

ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी भयंकर खुशीत होते ना! दोन वर्षांपूर्वी पिझ्झावाल्याला फोन करायचा म्हटलं तरी मी फोन आईच्या हातात द्यायचे. शाळेत "शरयू कुलकर्णी?" असं कोणी तोडकं-मोडकं नाव पुकारलं की मी नुसता हात वर करायचे, आवाज नाही. मग मी शाळेच्या स्पीच टीममध्ये, म्हणजे वक्तृत्वाच्या संघात गेले, आणि कोणीतरी माझ्या आतला म्यूट काढून टाकल्यासारखं झालं. मी बोलायलाच लागले. ट्रॉफी मिळाली. आणि सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्टेजवर एकटीने एकपात्री केलं, चक्क मराठीत, आणि अख्खा हॉल डोक्यावर घेतला.

विषय होता माझा बाबा.

झालं होतं असं. गणपतीच्या आधी मी आणि बाबा नारळ आणायला इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. आमचं चँडलर म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं वाळवंट; इथे पार्किंगमध्ये माणसं दाराजवळची जागा शोधत नाहीत, सावलीची शोधतात. झाडाखालची एकच जागा रिकामी होती, ती बाबाने पकडली. सामान घेऊन परत आलो, तर एक मोठा पिकअप ट्रक आमच्या मागे आडवा. आतला दाढीवाला माणूस खाली उतरून बाबाच्या अंगावर धावला, की ती जागा मी बघितली होती, तुम्ही लोक असेच, वगैरे वगैरे. त्याने बाबाच्या हातातल्या पिशवीला धक्का मारला. नारळ गडगडत त्याच्या ट्रकखाली. आणि माझा बाबा, कंपनीत वीस माणसं ज्याच्या हाताखाली आहेत तो माझा बाबा, सॉरी सर, सॉरी सर म्हणत राहिला, मग ट्रकखाली वाकून म्हणाला, "कोकोनट, सर."

म्हणजे, माझा नारळ तेवढा घेऊ का.

स्टेजवर मी हे असं केलं की बस्स! कमरेत वाकले, चष्मा नाकावर ओढला, बाबाचा तो बारीक, गुळगुळीत आवाज काढला: "सॉरी सर, थँक्यू सर, कोकोनट सर!" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कार्यक्रमानंतर सगळ्या मावश्यांनी मला जवळ घेतलं. "इथे जन्मलेली मुलगी, आणि काय मराठी आहे हो!" कार्यक्रम बसवणाऱ्या कांचन मावशीने तर लगेच सांगून टाकलं की दिवाळीच्या मोठ्या प्रोग्रॅमला हेच परत. बाबा दुसऱ्या रांगेत होता. तोही हसत होता, रुमालाने डोळे पुसत. दर रविवारी डायनिंग टेबलावर बसवून त्यानेच मला मराठी शिकवलं होतं. मला वाटलं, त्याला किती अभिमान वाटत असेल!

त्यानंतर बाबाला सगळे कोकोनट सर म्हणायला लागले. देवळात, मंडळाच्या पिकनिकला, सगळीकडे.

आणि त्यानंतरच बाबा पिस्तुलांचे व्हिडिओ बघायला लागला. पोळी खाताना, फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून. कोणतं लहान, कोणतं हलकं, कोणतं दिवसभर कमरेला लावून वावरता येतं. आई एकदा म्हणाली, "अहो, गॅसचा लायटर कट्ट झाला तरी दचकता तुम्ही." दुकानात जायच्या शनिवारी सकाळी ती मला म्हणाली, "मी नाही येणार. तूच जा त्यांच्याबरोबर. तुझ्यामुळे चाललेत, तर तूच जा."

मला वाटलं, माझ्या संरक्षणासाठी असं तिला म्हणायचंय. मला छान वाटलं यार. खरंच छान वाटलं.

दुकानात प्रसाद काका आधीच येऊन थांबले होते. प्रसाद काका बाबाचे नागपूरच्या कॉलेजातले मित्र. त्यांच्याकडे गेली काही वर्षं पिस्तूल आहे, आणि ते लपवलेलं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, कारण ते सत्यनारायणालासुद्धा फुलाफुलांचा ढगळ शर्ट घालून येतात आणि आरतीला उभं राहताना कमरेशी हात नेऊन काहीतरी सारखं करतात.

"ये बे हेम्या," काका म्हणाले. "सिटिझन झालास ना? मग आता हक्क वापर की! नुसती व्होटिंगची रांग लावायला झालास का?"

आत थंडगार एसी आणि मशीनच्या तेलाचा वास. काचेचं लांबलचक काउंटर, आत पिवळे दिवे, खाली मखमल. अगदी सराफाचं दुकान. आणि बाबा अगदी सराफाच्या दुकानात वागतात तसाच वागायला लागला. हात मागे बांधून एक चक्कर, मग दुसरी चक्कर, मग मान तिरकी करून, "हे जरा दाखवता का? आणि त्याच्या शेजारचं?"

काउंटरमागे ट्रिश नावाची बाई होती, करड्या केसांची जाड वेणी घातलेली. तिने विचारलं, "कशासाठी हवंय? घरात ठेवायला?"

"नाही," बाबा म्हणाला. "रोजच्यासाठी. अंगावर. कोणाला दिसणार नाही असं."

"काही प्रसंग घडलाय का?"

"नाही नाही," बाबा घाईघाईने म्हणाला. "काहीच घडलं नाही."

तिने दोन-तीन काढून ठेवली. प्रत्येक वेळी आधी ते उघडून आत गोळी नाही हे स्वतः बघायची, मग बाबाला दाखवायची, मग हातात द्यायची. म्हणाली, सगळ्यात छोटं खिशातसुद्धा मावतं, पण उडवताना हातात उसळतं, आणि नवख्याचा नेम लागत नाही. जरा मोठं घेतलं तर हाताला बरं, पण लपवायला अवघड, आणि जड झालं की लोक दुसऱ्या आठवड्यातच ते घरी ठेवून जायला लागतात. बाबा मान डोलावत ऐकत होता. मधलं, काळं, चपटं त्याला आवडलं. त्याने ते तळहातावर तोललं, आणि मग माझ्याकडे वळला.

"शरू, बघ गं, कसं वाटतंय?"

साडीच्या दुकानात आई पदर खांद्यावर टाकून वळते ना, तसा तो वळला. पिस्तुलाचं तोंड आधी काकांवरून गेलं, मग टोप्या बघत असलेल्या एका नवराबायकोवरून, मग माझ्यावर येऊन थांबलं. तो नवरा खाली वाकला, खरंच. ट्रिशने झटकन काउंटरवरून हात टाकून बाबाचं मनगट खाली दाबलं.

"सर. तोंड कायम खाली. रिकामं असलं तरी."

"सॉरी मॅम. सॉरी. थँक्यू मॅम."

तोच आवाज. बारीक, गुळगुळीत. प्रसाद काका खोखो हसले. "अरे, कोकोनट सर! कोकोनट मॅम झालं आता!"

दुकानातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. माझे कान इतके तापले होते! मला फक्त एवढंच वाटत होतं की ह्या लोकांना कळावं, मी ह्याच्यासारखी नाहीये. मी इथली आहे. मला सगळं कळतं.

"व्हॉट्स कोकोनट?" ट्रिशने विचारलं.

"शरू, करून दाखव गं," काका म्हणाले. "इंग्लिशमध्ये कर. यांना पण ऐकू दे."

आणि मी केलं.

होय. त्या दुकानात, काचेच्या काउंटरसमोर, मी कमरेत वाकले आणि माझ्या बाबाचा आवाज काढला. इंग्लिशमध्ये तर ते आणखीच जमलं, कारण त्यात मी त्याचे उच्चारसुद्धा घातले. टोपीवाला नवरा मोठ्याने हसला, त्याची बायकोही हसली. बाबासुद्धा हसला. मी "कोकोनट" म्हणायच्या आधीच हसला.

ट्रिश मात्र नुसतीच ओठांतल्या ओठांत हसली. मग म्हणाली, "मग नारळाचं काय झालं?"

"चांगला निघाला," बाबा म्हणाला. "आम्ही गोड पदार्थ केला."

टोपीवाले पैसे देऊन निघून गेले. दारातून जाताना तो नवरा बाबाला म्हणाला, "टेक केअर, कोकोनट." प्रेमानेच म्हणाला असेल.

मग ट्रिशने खालच्या कप्प्यातून निळं, प्लॅस्टिकचं खोटं पिस्तूल काढलं. नुसता आकार, बाकी काही नाही. म्हणाली, विकत घ्यायच्या आधी अंगावर कसं बसतं ते बघा, कोपऱ्यात आरसा आहे. तिने बाबाला पँटच्या आत कमरेला अडकवायचं एक कातडी म्यान दिलं आणि सांगितलं, "शर्ट बाहेर काढावा लागेल, सर."

बाबाला शर्ट बाहेर काढायचीसुद्धा लाज वाटली. त्याने आरशाकडे तोंड केलं, पाठ आमच्याकडे, आणि इस्त्री मोडणार नाही अशा बेताने हळूहळू शर्ट बाहेर ओढला. म्यान अडकवलं, निळं पिस्तूल आत सरकवलं, वरून शर्ट सोडला.

"आता काहीतरी उचलायला वाका," ट्रिश म्हणाली.

तो वाकला. शर्ट कमरेवर ताणला गेला, आणि उजव्या बाजूला कापडाखाली एक कोपरा उठून आला. जाडसर, तिरका. एकदा दिसला की डोळ्यांना दुसरं काही दिसू नये असा.

"हे टाळायला हवं," ट्रिश म्हणाली. "बाकीच्यांना कळणार नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळतं. शर्ट एक माप मोठा घ्या."

बाबा वाकलेलाच राहिला. आरशात स्वतःच्या कमरेकडे बघत. मग म्हणाला, मराठीत, आणि खरं तर कोणालाच उद्देशून नाही:

"असंच दिसत होतं."

"काय?" मी म्हणाले.

"त्याच्या टी-शर्टखाली. पिशवी खाली पडली ना, तेव्हा तो ट्रकच्या दाराशी वाकला. असंच. ह्याच बाजूला."

मी "कोण?" असं विचारलं. कोण ते मला कळलं होतं, तरी विचारलं.

आणि मग मला तो दिवस दिसला. एकपात्रीतला नाही, खरा. एकपात्रीत मी दाढीवाल्याचा आवाज काढला होता, बाबाचा काढला होता, नारळाचासुद्धा काढला होता. त्यात मी नव्हते. एकटीने करायचं म्हटल्यावर माणसं कमी करावी लागतात, म्हणून मी स्वतःलाच काढून टाकलं होतं. पण मी होते ना तिथे! मीच तर आधी ओरडले होते. माझ्या नव्याकोऱ्या स्पीच टीमच्या आवाजात, बोट रोखून: "एक्स्क्यूज मी, वुई वेअर हिअर फर्स्ट! व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?" तेव्हा तो माणूस बाबाला सोडून माझ्याकडे वळला होता. आणि बाबा मध्ये आला. त्याचा डावा हात मागे आला आणि त्याने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नंतर लाल झालं होतं. त्या हाताने तो मला मागे, आमच्या गाडीच्या दाराकडे ढकलत होता, आणि तोंडाने सॉरी सर, सॉरी सर चालू होतं. मी हात हिसकावून घेतला होता. मला राग आला होता, की हा मला बोलूही देत नाहीये.

नारळसुद्धा त्याने मी गाडीत बसल्यावर मागितला. दार लागल्यावर. तोपर्यंत नाही.

"तू सांगितलं का नाहीस?" माझा आवाज अगदी नववीतला झाला होता, पिझ्झाच्या फोनला घाबरायचे तेव्हाचा.

"काय सांगायचं?" बाबा सरळ उभा राहिला. "घाबरली असतीस. आत्ता कुठे बोलायला लागलीयस तू."

मग म्हणाला, "आणि तुझा कार्यक्रम इतका छान झाला."

जमिनीत गडप व्हावं म्हणतात ना, मला ते नको होतं. गडप झाले असते तर सुटले असते. मला तिथेच उभं राहून त्याच्या बाहेर आलेल्या शर्टाकडे बघावं लागत होतं. मंडळाच्या हॉलमधला हशा मला ऐकू येत होता. दुसऱ्या रांगेतला रुमाल दिसत होता. रुमालाने तो काय पुसत होता कोण जाणे.

प्रसाद काका पुढे सरसावले. "म्हणजे त्याच्याकडे होतं? हे तू मला आज सांगतोस? अरे मग तर घेच बे! तुझ्याकडेही असतं तर त्याची हिंमत झाली असती का?"

"असतं तर काय केलं असतं मी?" बाबाने विचारलं. वाद घालायला नाही, खरंच विचारलं.

"काढायचं. दाखवायचं."

"शरू माझ्या मागेच उभी होती."

ट्रिशला मराठी कळत नव्हतं, पण ती काचेवरची पिस्तुलं एकेक करून आत ठेवायला लागली. ते चपटं, काळं तेवढं बाहेर ठेवलं. बाबाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू सांग, शरू. घेऊ का?"

तो पिस्तुलाबद्दल विचारत नव्हता. शपथ सांगते, तो आरशासमोर उभा राहून मला विचारत होता की पुन्हा कोणी अंगावर आलं तर तुला कसला बाबा हवाय. आणि हे त्याला मला विचारावं लागत होतं. माझ्यामुळे. मी त्याला त्या स्टेजवर नेऊन ठेवलं होतं, वाकलेला.



"नको," मी म्हणाले.

"का?"

"परत तसं झालं तर..." मला रडू येत होतं आणि ट्रिश बघत होती. "तर तू परत सॉरीच म्हण. प्लीज. तेच कर."

बाबाने कमरेचं म्यान काढलं. निळं पिस्तूल दोन्ही हातांनी, तोंड खाली धरून, काउंटरवर ठेवलं. "आज नको, मॅम," तो म्हणाला. "थँक्यू."

"घाबरला बे!" काका म्हणाले. जुन्या सवयीने म्हणाले, फार काही वाईट मनात नव्हतं.

"हो," बाबा म्हणाला. शर्ट परत आत खोचत होता, एकेक बाजू नीट. "त्या दिवशीही घाबरलो होतो, पश्या. फार."

मी ट्रिशला इंग्लिशमध्ये सांगायला गेले, की मघाशी मी सांगितलं तसं ते घडलं नव्हतं. तिला ते आधीच कळलं होतं; म्हणाली, "आय फिगर्ड, हनी." पण टोपीवाले तर केव्हाच निघून गेले होते. ते दोघं कुठेतरी जेवताना कोणालातरी सांगणार, आज एक माणूस बघितला. त्यांना कुठून परत बोलावणार? आणि हॉलमधले ते सगळे?

गाडीत बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "दिवाळीला करणार ना तू?"

"नाही."

"का? चांगलं बसलंय. फक्त त्यात एक चूक आहे. त्याला थँक्यू म्हणालो नव्हतो मी. ते तू घातलंस."

त्याला मला हसवायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी जाताना कोथिंबीर घ्यायची होती, म्हणून त्याच ग्रोसरीत थांबलो. झाडाखालची जागा रिकामी होती. बाबाने गाडी तिच्यापुढून नेली आणि पार लांब, उन्हात लावली. आत भाजीपाशी देवांग काका भेटले. ते मंडळाच्या साउंड सिस्टिमचं बघतात. माझा माइक त्यांनीच लावला होता.

"अरे वा! कोकोनट सर!" त्यांनी लांबूनच हाक मारली आणि शेजारच्या ढिगातला एक नारळ उचलून बाबापुढे धरला. "घ्या सर, आज पडू देऊ नका!"

बाबा हसला. आधीच हसला, हाक संपायच्या आत.

"काका," मी म्हणाले, "ते तसं झालं नव्हतं."

"काय गं?"

"मी स्टेजवर केलं ते. त्या माणसाकडे पिस्तूल होतं. बाबाने बघितलं होतं, मी नव्हतं बघितलं. आणि मी त्या माणसावर ओरडत होते." माझा आवाज स्टेजवरचा नव्हता. मध्येच फाटत होता, मराठी शब्द सापडत नव्हते, आणि कोथिंबीर निवडणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या होत्या. ह्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. देवांग काका नारळ हातात धरून तसेच उभे राहिले.

"जाऊ दे गं शरू," बाबा हळूच म्हणाला, आणि त्याचा हात मागून येऊन माझ्या मनगटावर बसला. त्या दिवशीसारखाच. मला मागे ओढायला.

या वेळी मी हात सोडवला नाही. पण बोलायची थांबलेही नाही.